खोट्या चिठ्ठीमागे हरवलेला रानपिंगळा

उर्दूच्या तासाला ‘उल्लू’ शब्द आला की वर्ग हसतो. मराठीच्या तासाला पिंगळा आला की कुणीतरी अपशकुनाचं बोलतं. आपल्या खानदेशातल्या एका पिंगळ्याचा इतिहास मात्र या मुलांना कुठल्याच पुस्तकात भेटत नाही.

रानपिंगळ्याची शास्त्रीय नोंद ह्यूम यांनी 1873 मध्ये केली. हे तेच ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात हे पक्षी टिपले. शेवटचा 1884 मध्ये. मग पक्षी दिसेनासाच झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून पेंढा भरलेले जेमतेम सात नमुने उरले.

त्यातल्या एकावर चिठ्ठी होती : मांडवी, तापीकाठ, गुजरात, 1914. चिठ्ठी लिहिणारा कर्नल माइनर्टझहागेन, पक्षीशास्त्रातलं मोठं नाव. शोधणारे साहजिकच मांडवीला जायचे आणि रिकाम्या हातांनी परतायचे. सलीम अलींच्या हयातीतही पक्षी सापडला नाही.

पुढे अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो डेव्हिडसनचाच पक्षी निघाला! कर्नलने लंडनच्या संग्रहालयातून तो चोरला, नव्याने भरला आणि त्यावर खोटी चिठ्ठी बांधली. चोरीपेक्षा मला त्या चिठ्ठीचा राग जास्त येतो. चोरीने एक नमुना गेला, चिठ्ठीने शोधाची दिशाच चुकवली.

खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे निघाले. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी, शहाद्याजवळच्या रानात, निष्पर्ण झाडावर तो बसलेला होता. 113 वर्षांनी! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. नंतर बीएनएचएसच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी त्याचा अभ्यास केला. तोरणमाळ, मेळघाट आणि आपल्या जळगावच्या यावल अभयारण्यातही तो आढळला.

हा पिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो. सरडे, उंदीर, किडे खातो. त्याला विरळ सागवान लागतं आणि घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली. ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं, आणि सातपुड्यात झाडांना तेवढं वय मिळत नाही. जंगल तोडून शेती होते, सरपण जातं, वर जादूटोण्यासाठी पक्षीही मारले जातात. 2018 मध्ये तो जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आला, पण ते मुख्यतः नवी ठिकाणं सापडल्यामुळे. यावलच्या जुन्या सागांवर कुऱ्हाड आजही चालतेच आहे.