गंगाधरपंतांचे पानिपत

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची विज्ञानकथा. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी पेशवेपुत्र विश्वासरावांना लागलेली गोळी इथे हुकते, मराठे जिंकतात आणि मराठी सत्ता टिकून पुढे लोकशाहीकडे वळते. ‘द ॲडव्हेंचर’ या इंग्रजी रूपात पुण्याहून सुटलेली जिजामाता एक्सप्रेस कल्याणमधून भरधाव जाते. लांब बोगद्यापलीकडे ‘सरहद’ स्थानकात परवाने तपासले जातात, कारण पुढे इंग्रजांची मुंबई. मुंब्रा-कळव्यादरम्यानचा पारसिक बोगदा (१९१६) २०२२ पर्यंत जलद लोकलने रोज ओलांडणाऱ्या कल्याण-डोंबिवलीकरांना ही सीमा ओळखीची वाटावी. प्रत्यक्षात इंग्रजांनी बोगद्यापलीकडच्या ठाण्याचा किल्ला १७७४ मध्येच घेतला. कल्पनेला इतका नेमका भूगोल देणे हे नारळीकरांचे खरे सामर्थ्य.