फामागुस्ता रणगाडा

अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला सेंच्युरियन रणगाडा. नाव सायप्रसमधील बंदराचे. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल (१९५०–१९७१) यांना १६ डिसेंबर १९७१ रोजी भारत-पाक युद्धातील बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यात वीरमरण आले. रणगाड्याने पेट घेतल्यावर बाहेर पडण्याचा हुकूम झाला. पण तोफ अजून चालते आहे, असे वायरलेसवर कळवून पूना हॉर्स रेजिमेंटचा हा एकवीस वर्षांचा अधिकारी लढत राहिला. दुसऱ्याच दिवशी युद्धबंदी झाली. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जिल्ह्यातील युद्धस्मृतींत याहून मोलाची वस्तू नाही. शहरात १९९४ पासून रणगाडा संग्रहालयही आहे; शिर्डी-शिंगणापूरला जाणाऱ्यांनी तेथे मुलाबाळांसह अवश्य थांबावे.