मोडीत न निघालेले विमान

आमच्या बेळगावच्या घराच्या माडीवर हातभर लांबीचा एक लाकडी तुकडा जपून ठेवलेला आहे. पाहुणे विचारतात, "ही कशाची फासळी? होडीची का?" विमानाच्या पंखाची आहे असे सांगितले की ते हसतात. लाकडाचे विमान ही गोष्टच आता कुणाला पटत नाही.

फासळी दामूमामांची. मामा मूळचे सुतार. १९४२ साली महायुद्धाच्या धामधुमीत इकडे सांबऱ्याला ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली, आणि तिकडे हैदराबादला बेगमपेठेत हवाई दलात भरती झालेल्या पोरांना उडायला शिकवणारी शाळा चालू होती. मामांना तिथे काम लागले. शाळेत विमान होते टायगर मॉथ. इंग्लंडात ते पहिल्यांदा उडाले ऑक्टोबर १९३१ मध्ये. पुढे ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे मिळून आठ हजारांच्या वर तयार झाले. दोन मजली पंख, एकामागे एक दोन उघड्या बैठका, १३० अश्वशक्तीचे इंजिन. धड लोखंडी नळ्यांचे, पंख लाकडाचे आणि वरून सगळीकडे कापड. ब्रेक नाहीत, स्टार्टर नाही. एकाने बैठकीत बसून 'कॉन्टॅक्ट' म्हणायचे आणि दुसऱ्याने पुढचा पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करायचे.

मामांचे काम पंखांचे. फासळ्या दुरुस्त करायच्या, त्यांवर कापड चढवायचे, मेण लावलेल्या दोऱ्याने ते फासळीला शिवून टाकायचे आणि वर डोप नावाचे रोगण द्यायचे. रोगण वाळले की कापड ढोलकीच्या पुडीसारखे ताणले जाई. प्रत्येक टाक्याला निराळी गाठ असते. एक टाका तुटला तरी शेजारचा उसवता कामा नये, अशी ती मारायची. मामा ती गाठ मला सुट्टीत सुतळीवर शिकवीत.

युद्ध संपले आणि सैन्यांना ही विमाने जड झाली. ब्रिटनमध्ये १९५० नंतरच्या काही वर्षांत ती लिलावात कवडीमोलाने निघाली. कुणी क्लबांनी घेतली, कुणी नुसत्या इंजिनासाठी घेतली. न्यूझीलंडच्या शेतकरी मुलखात तर पुढची बैठक काढून तिथे खताची पेटी बसवली आणि डोंगरउतारांवर सुपरफॉस्फेट टाकायला ती जुंपली. अमेरिकेत स्टिअरमन या शिकाऊ विमानाचे असेच झाले. त्याला मोठे इंजिन लावून लोकांनी पिकांवर औषध फवारले. ज्याने घेतले त्याने आपल्या पोटापाण्यासाठी घेतले, पण त्या निमित्ताने विमान चालू राहिले.

आपल्याकडे टायगर मॉथ फ्लाइंग क्लबांकडे गेली. मामाही सैन्याची नोकरी सोडून अशाच एका क्लबात गेले. १९६१ साली मी दहा वर्षांचा असताना त्यांच्याकडे गेलो होतो. मागच्या शेडमध्ये दोन विमाने पंख उतरवून ठेवलेली होती. मी विचारले, "ही का उडत नाहीत?" मामा म्हणाले, "मशीन बरं हाय रे, कागद न्हाईत." परवाना संपलेला, सुटे भाग मागवायला परकीय चलन नाही, आणि नवी विमाने येणार म्हणून जुन्यांवर कुणी पैसा घालीना. काही वर्षांनी दोन्ही विमाने वजनावर मोडीत गेली. पंख कुणी घेईना, ते जाळायला काढले. त्यातला हा तुकडा मामांनी पिशवीत घालून आणला.

तेव्हा आपल्या देशात स्वतःचे शिकाऊ विमान होतेच. बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये तयार झालेले एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. ते सगळे धातूचे होते. आराखडा करणाऱ्या पथकाचे प्रमुख विष्णू माधव घाटगे आपल्या कोल्हापूरकडचे. जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटल यांच्यासारख्या गुरूच्या हाताखाली शिकून आलेले. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एचटी-२ वर हवाई दलाच्या कितीतरी तुकड्या शिकल्या, घानालाही ती विमाने गेली. मला मात्र एचटी-२ पाहायला मिळाले ते दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात. चकचकीत, पण जागेवर उभे.

२०१४ साली मुलाकडे इंग्लंडला गेलो. त्याने गवताच्या धावपट्टीच्या एका लहानशा विमानतळावर नेले. तिथे एक टायगर मॉथ होते, आणि त्याचे मालक एक नव्हे, दहाजण. निवृत्त मास्तर, डॉक्टर, एक गवंडी. दरमहा ठरलेली वर्गणी, शिवाय उडेल त्या तासाचे वेगळे पैसे. तासाला तीसेक लिटर पेट्रोल, विमा, शेडचे भाडे, आणि इंजिन उघडायची वेळ येईल त्यासाठी शिल्लक. आपल्या भिशीसारखाच हिशेब. अशा विमानांच्या मालकांची मॉथ क्लब नावाची संस्था तिथे १९७५ पासून आहे. कोणता भाग कुठे मिळेल, कोणता कारागीर कुठे राहतो, हे तिथे विचारता येते.

शेडच्या कोपऱ्यात एक म्हातारा पंखाला कापड शिवीत बसला होता. मी वाकून पाहिले. मामांचीच गाठ. मला राहवले नाही. मी हातवारे करून दोरा मागितला आणि एक टाका घातला. त्याने ओढून पाहिला, मान हलवली, आणि नंतर तो कापून पुन्हा घातला. कारण त्या कामाखाली सही त्याला करायची होती. मला वाईट वाटले नाही. मामांनीही तेच केले असते.

त्या दिवशी मी पुढच्या बैठकीत बसून अर्धा तास उडालो. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आले म्हणून मुलाला सांगितले.

८ ऑक्टोबर २०१२ ला, आपल्या हवाई दलाच्या ऐंशीव्या वर्धापनदिनी, हिंडनला एक टायगर मॉथ उडाले. अभिमानाची गोष्ट. पण ते नव्याने उभे करून आणावे लागले ब्रिटनमधून. एके काळी बेगमपेठेच्या शेडमध्ये मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारे कारागीर हेच काम रोज करीत होते. त्यांच्या हातांनंतर दुसरे हात तयार झाले नाहीत, कारण ज्यावर शिकायचे ती विमानेच मोडीत गेली. आपल्याकडे जुने विमान एक तर सरकारचे, नाही तर भंगारवाल्याचे. दहाजणांनी मिळून पाळावे, ही मधली वाट आपण फारशी चाललोच नाही.

माझी नात बंगळूरला विमानाचे इंजिनिअरिंग शिकते आहे. या दिवाळीला ती आली की फासळी तिच्या हातात देणार आहे. त्याआधी तिला सुतळीवर ती गाठ शिकवायची आहे. माझ्या बोटांना अजून येते.