चूल, धूर आणि कर्करोग

कर्करोग म्हणजे दैवाचा कोप, ही समजूत महाराष्ट्रांत दीर्घकाळ रूढ होती. ती खोडून काढण्याचें मोठें कार्य मुंबईंत झालें. परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें आणि तेथील प्रयोगशाळांचें प्रमुखपद डॉ. वसंत रामजी खानोलकर यांजकडे आलें. केवळ रोग पाहून ते थांबले नाहींत; रोग्याच्या सवयींचीहि त्यांनीं चिकित्सा केली. १९४५ मध्यें सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनीं कमरेस करकचून नेसलेलें धोतर, ओठांत धरलेली खैनी आणि चुट्ट्याचें धूम्रपान यांच्याशीं निगडित कर्करोगांचें वर्णन केलें. रोग चालीरीतींच्या मागोमाग जातो, हें त्यावरून दिसून आलें.

हेंच सूत्र स्वयंपाकघरासहि लागू पडतें. लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७५ मध्येंच धुराडीं साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशीं जोडला होता. पुढें १९१५ च्या सुमारास जपानांत यामागिवा व इचिकावा यांनीं सशांच्या कानांस वारंवार डांबर लावून कर्करोग उत्पन्न केला. त्या डांबरांतील बेंझोपायरीन हें घातक द्रव्य १९३३ मध्यें निराळें काढण्यांत आलें. निखाऱ्यावर मांस भाजतांना चरबी ठिबकून जो धूर उठतो, त्यांतहि तेंच द्रव्य असतें. बटाटा फार तापलेल्या तेलांत तळला असतां अक्रिलामाइड तयार होतें, हें स्वीडनमध्यें २००२ सालीं उघड झालें. उकडलेल्या बटाट्यांत तें जवळजवळ आढळत नाहीं.

देहूरोडच्या भोंवतालच्या मावळपट्टींत पाऊस दांडगा. ओलें सरपण पेटविलें कीं घर धुरानें भरून जातें. लाकूडफाट्याचा असा घरगुती धूर कर्करोगास बहुधा कारण होतो, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१० मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत नमूद आहे. त्याच संस्थेनें २०१५ मध्यें खारवून, धुरावून टिकविलेलें मांस तंबाखूच्याच वर्गांत घातलें. मात्र हा वर्ग पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचें प्रमाण नव्हे. तंबाखूचा धोका कितीतरी मोठा आहे.

सर्वच कर्करोग सवयींमुळें होत नाहींत, आणि भाकरी टाकावी असेंहि यांतून निघत नाहीं. करपलेला भाग काढावा, धुरास वाट द्यावी, तळलेल्यापेक्षां शिजविलेलें व उकडलेलें अधिक खावें आणि तंबाखू सर्वथा वर्ज्य करावी. जो रोग सवयींतून येतो, त्याचा प्रतिबंध माणसाच्या हातीं आहे, हाच परळच्या त्या संशोधनाचा बोध होय.