सूनियन भूशिर

ग्रीसमधील ॲटिका द्वीपकल्पाच्या आग्नेय टोकावरील, इजीअन समुद्रात शिरलेले खडकाळ भूशिर. उंची सु. ६० मी. यूबीया बेटाकडून व ईशान्येकडून अथेन्सच्या बंदरात येणाऱ्या गलबतांना या टोकाला वळसा घालावा लागे. लॉरिअमच्या चांदीच्या खाणीही जवळच होत्या. त्यामुळे देवस्थान आणि लष्करी ठाणे अशी दोन्ही रूपे त्याला लाभली.

होमरच्या ओडिसीत त्याला अथेन्सचे पवित्र भूशिर म्हटले आहे. ट्रॉयहून परतताना स्पार्टाचा राजा मेनेलेअस याचा सुकाणूधारी फ्रॉन्टिस येथे अपोलोच्या बाणांनी मरण पावला. त्याच्या अंत्यविधीसाठी मेनेलेअस मागे थांबला आणि पुढे मलीआ भूशिराजवळ वादळात सापडला, असे त्यातील वृद्ध राजा नेस्टर सांगतो. सॉफोक्लीझच्या एजॅक्स नाटकातील खलाशांनाही घरच्या ओढीने सूनियनच आठवते.

हीरॉडोटसच्या इतिहासात त्याचे राजकीय मोल दिसते. ईजायना बेटाच्या लोकांनी येथील उत्सवाला निघालेले अथेन्सचे पवित्र जहाज प्रतिष्ठित नागरिकांसह पकडले. पुढे अथेन्सने ईजायनातून पळून आलेल्यांना सूनियन येथे वसवले व ते तेथून ईजायनावर छापे घालू लागले. मॅरेथॉनच्या पराभवानंतर (इ. स. पू. ४९०) पर्शियन आरमार असुरक्षित अथेन्स गाठण्यासाठी याच टोकाला वळसा घालून गेले. सॅलमिसच्या विजयानंतर (इ. स. पू. ४८०) ग्रीकांनी शत्रूचे एक फिनिशियन लढाऊ जहाज येथे देवाला वाहिले.

इ. स. पू. ४१३ मध्ये स्पार्टाने ॲटिकातील डेसिलिया व्यापल्याने यूबीयाचे धान्य खुष्कीऐवजी समुद्रमार्गे आणणे भाग पडले. त्याच हिवाळ्यात धान्याच्या जहाजांच्या रक्षणासाठी अथेन्सने सूनियनला तटबंदी केली, असे इतिहासकार थ्यूसिडिडीझ सांगतो. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस मात्र खाणींतील बंडखोर गुलामांनी हाच किल्ला बळकावून ॲटिकात लूट केली.

माथ्यावरील समुद्रदेव पोसायडनचे डोरिक शैलीतील संगमरवरी मंदिर इ. स. पू. ४४० च्या सुमाराचे आहे. त्याआधीचे, अपुरे राहिलेले मंदिर पर्शियनांनी उद्ध्वस्त केले होते. प्राचीन प्रवासवर्णनकार पॉसेनिअसने माथ्यावरचे मंदिर अथीना देवीचे म्हटले; पण उत्खननातील कोरीव लेखामुळे ते पोसायडनचे असल्याचे निश्चित झाले. अथीनाचे मंदिर ईशान्येच्या सखल टेकडीवर होते. १९०६ मध्ये येथे मिळालेला, सु. ३ मी. उंचीचा तरुणाचा पुतळा (इ. स. पू. सु. ६००) अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.