सेन्सर, मंद प्रकाशातील छायाचित्रणाचे

डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाशाचे विद्युत् संकेतात रूपांतर करणाऱ्या सिलिकॉन चकत्यांपैकी अंधूक प्रकाशातही स्वच्छ चित्र देणारा वर्ग. प्रकाशाचा कण म्हणजे फोटॉन पडला की सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुटा होतो. प्रत्येक पिक्सेलमधील असे इलेक्ट्रॉन साठवून मोजले जातात. अंधारात फोटॉन मुळातच थोडे असतात, शिवाय मोजणाऱ्या मंडलाचा नॉइज (संकेतातील नको असलेला चढउतार) त्यांत मिसळतो.

पूर्वेतिहास : विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये सीसीडी या सेन्सर-प्रकाराची कल्पना मांडली, त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नोबुकाझू तेरानिशी यांनी एनईसी कंपनीत १९८० मध्ये शोधलेल्या पिन्ड फोटोडायोडला (पिक्सेलमधील प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या एका रचनेला) तेवढी प्रसिद्धी लाभली नाही, पण मंद प्रकाशाच्या दृष्टीने त्याचे मोल सीसीडीइतकेच आहे. या फोटोडायोडमुळे साठलेले इलेक्ट्रॉन मागे न रेंगाळता पूर्णपणे पुढे सरकतात आणि प्रकाश नसतानाही वाहणारा प्रवाह घटतो. एरिक फॉसम यांनी १९९० च्या दशकात जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत विकसित केलेल्या सीमॉस या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा प्रवर्धक मिळाला.

पृष्ठप्रकाशित रचना : नेहमीच्या सीमॉस सेन्सरमध्ये फोटोडायोडच्या वर धातूच्या जोडण्यांचे थर असतात. काही प्रकाश त्यांवरच अडतो. म्हणून चकती उलटी करून दुसऱ्या आधारचकतीवर चिकटवतात, तिची पाठ काही मायक्रॉन जाडी उरेपर्यंत घासतात आणि त्या बाजूने प्रकाश आत घेतात. खगोलशास्त्रज्ञ अशा सीसीडी बरीच वर्षे आधीपासून वापरत होते. पुण्याच्या आयुका संस्थेच्या गिरवली येथील २ मीटर दुर्बिणीवरही तशी सीसीडी बसवलेली आहे. सोनीने २००९ मध्ये ही रचना सामान्य ग्राहकांच्या कॅमेऱ्यांत आणली, २०१५ मध्ये ए७आर-२ कॅमेऱ्याद्वारे पूर्ण चौकटीच्या (फुल-फ्रेम) सेन्सरमध्ये. खरा लाभ मोबाइलच्या इवल्या पिक्सेलना झाला. कारण मोठ्या पिक्सेलमध्ये जोडण्या मुळातच कमी जागा अडवतात.

फोटॉन नॉइज : येणाऱ्या फोटॉनांच्या संख्येतील हा चढउतार प्रकाशाचाच गुण असून कोणताही सेन्सर तो काढू शकत नाही. १०० इलेक्ट्रॉन जमले तर चढउतार सुमारे १० चा, म्हणजे दशांश. ९ जमले तर ३ चा, म्हणजे एकतृतीयांश. त्यावर जास्त प्रकाश जमवणे हाच इलाज : भिंगाचे मोठे छिद्र, मोठा सेन्सर, दीर्घ उद्भासन.

आयएसओ : हा कॅमेऱ्यावर निवडायचा संवेदनशीलतेचा आकडा. निकॉन डी३ (२००७) मध्ये त्याची मूळ कमाल ६,४०० होती, डी५ (२०१६) मध्ये विस्तारित कमाल ३२,८०,००० झाली. आयएसओ वाढवल्याने सेन्सर अधिक प्रकाश टिपत नाही, संकेत तेवढा मोठा होतो. या आकड्यांवरून सेन्सरची प्रत ठरवू नये.

पिक्सेलचा आकार : सोनी ए७एस (२०१४) मध्ये पिक्सेल मोठे राहावेत म्हणून मुद्दाम केवळ १.२२ कोटी पिक्सेल ठेवले होते. सेन्सर तेवढाच असता मोठे पिक्सेल कितपत सरस, याबद्दल मतभेद आहेत.

रंगजाळी : बहुतेक सेन्सरांवर ब्राइस बायर यांची रंगगाळण्यांची जाळी (पेटंट १९७६) असते, तीत बराच प्रकाश शोषला जातो.

स्पॅड : या प्रकारच्या सेन्सरमध्ये एका फोटॉनमुळे इलेक्ट्रॉनांचा लोट उसळतो, म्हणून फोटॉन एकेक करून मोजता येतात. कॅननने २०२३ मध्ये असा ३२ लाख पिक्सेलचा सेन्सर असलेला एमएस-५०० कॅमेरा आणला. तो दूरवरच्या टेहळणीसाठी आहे.