त्वचा आधी उजळते, रक्त मागाहून

ही गोष्ट १९५६ सालची, इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयातली. सिस्टर जीन वॉर्ड तान्ह्या बाळांना अंगणात उन्हात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना कावीळ झालेलं एक बाळ दाखवलं. अंग फिकट झालेलं, पण चादरीखाली झाकलेला तुकडा पिवळाधमक! याच निरीक्षणातून प्रकाशोपचार जन्माला आला. डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये मांडला.

पुढे १९८० मध्ये जपानच्या ओकायामामधल्या डॉक्टरांनी सुई न टोचता त्वचेवरूनच कावीळ मोजणाऱ्या यंत्राचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोय मोठी झाली. पण हे यंत्र वाचतं त्वचा, आणि निळ्या दिव्याखाली त्वचेतलं बिलिरुबिन रक्तातल्यापेक्षा आधी उतरतं. म्हणजे आकडा खरा वाटतो, पण असतो कमी. रक्तात ते फार वाढलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. झाकून ठेवलेल्या जागेवरचं मोजमाप रक्ताच्या आकड्याच्या जास्त जवळ जातं, तरी ते रक्ततपासणीची जागा घेत नाही.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची २०२२ ची मार्गदर्शिका सांगते, की दिवा बंद करून किमान २४ तास झाले असतील, तरच यंत्र वापरता येईल. तेव्हा बाळ दिव्याखाली असताना डॉक्टरांनी टाचेतून रक्त मागितलं, तर “आता तर गोरं दिसतंय की!” म्हणून अडवू नका.